राखीव मोटारी

“बनियनपण काढायचा?” जोतिराम खुटाळेंनी विचारलं.

“काढा दादा. चड्डी राहू द्या.”

“राहू देतोच. शालन बसलीया.”

“मला काय नवीन हाय त्यात,” प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून शालनवहिनी म्हणाल्या आणि पिशवीतून अडकित्ता काढून सुपारी कातरू लागल्या.

मी त्यांच्या अंगावर चमकणारे मणी चिकटवत होतो. खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त हे मणी दिसतात. मण्यांवरून संगणक सांगाडा उभा करतो आणि सांगाड्याला स्नायू जोडतो. मग प्रत्येक स्नायूनं केव्हा किती जोर लावला असेल, याचं गणित मांडतो. एवढ्या एका कामासाठी आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला मोठं अनुदान मिळालं होतं. आतापर्यंत त्यातून उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची चाल तेवढी मोजून झाली होती. ती फारशी वाकडी निघाली नाही, म्हणून अहवाल लगेच स्वीकारला गेला.

मोजमाप बॅडमिंटन हॉलमध्ये चाललं होतं, कारण प्रयोगशाळेच्या छताला पंखे होते आणि जोतिरामांची काठी दोन मजली होती.

ही काठी माळखिंडीच्या भैरोबाची. म्हणजे खरी काठी देवळातून हलत नाही, तिच्याच बेटातला, तिच्याच वजनाचा बांबू गावानं ट्रॅक्टरवर घालून पाठवला होता. चैत्रात जत्रेला काठी निघते. बुंधा कमरेच्या चामडी पट्ट्यात रोवायचा आणि देवळापासून नदीपर्यंत नाचवत न्यायची. तोल जाऊ नये म्हणून चार बाजूंनी चार माणसं दोर धरतात. नाचवण्याचा मान खुटाळ्यांच्या घरात. आदल्या वर्षी जोतिरामांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी कळशीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलं, आणि जखम पुरती वाळायच्या आत यांनी काठी नाचवली. गावानं त्याला भैरोबाची कृपा म्हटलं. डॉक्टरांनी त्याला मूर्खपणा म्हटलं आणि सांगितलं की पुन्हा उचललीत तर मणका बसेल, आणि तुम्हीही बसाल ते कायमचे.

आता पुन्हा चैत्र तोंडावर आला होता. मान सोडायचा तर पंचांना कारण द्यावं लागतं आणि दुखणं हे कारण धरत नाहीत. तेव्हा पंचांनी ठरवलं की कॉलेजचं मशीन म्हणेल ते मान्य. सरपंचांचा नातू आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला होता आणि त्याचे चार विषय राहिले होते. विज्ञानाशी संबंध बिघडवून चालणार नव्हतं.

“दोर सोडा,” आमचे विभागप्रमुख डॉ. उपळेकर म्हणाले. “दोरांचा ताण मोजायची सोय आपल्याकडे नाही. उगाच आकडे बिघडतील.”

दोर धरलेल्या विद्यार्थ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“सोडा रं,” जोतिराम म्हणाले. “पडत न्हाई ती.”

घरी आलेला पाहुणा जात नाही म्हणून सांगावं, तसा सूर होता.

दोर सुटले. काठी जागची हलली नाही. मग जोतिरामांनी पाय टाकला, आणि ती दोन मजली वस्तू अख्ख्या हॉलभर फिरली. वळताना झुकली, आपोआप सरळ झाली. उपळेकर टाळ्या वाजवायला लागले, मुलंही. शालनवहिनींनी मात्र मान खाली घातली.

मणी काढताना माझ्या लक्षात आलं की जोतिरामांना घाम आलेला नाही. पाठ माठासारखी गार होती.

“दमलात का दादा?”

त्यांनी जरा विचार केला. “मी कुटं काय केलं?” ते म्हणाले.

मला तो विनय वाटला. खेड्यातली माणसं विनयी असतात असं आम्हाला शहरात शिकवलेलं होतं.

कँटीनमध्ये जोतिराम हात धुवायला गेले तेव्हा वहिनींनी चहाची बशी बाजूला सारली.

“साहेब, मशीनला न्हाई म्हणायला लावा. कायबी करून.”

“मशीन मनानं बोलतं वहिनी. आपलं ऐकत नाही.”

“म्हंजे ह्यांच्यावानीच.” त्या हसल्या नाहीत. “आपरेशन झाल्यापास्नं ह्यांची पाठ दुखत न्हाई.”

“मग चांगलंच आहे की.”

“टाकं निघायच्या आदीबी दुखली न्हाई. चिमटा काढला तरी कळत न्हाई. आन झोपेत उभं ऱ्हात्यात. कशाला टेकत न्हाईत, भिंतीला न्हाई, दाराला न्हाई. हाक मारली की डोळं उघडून मलाच इचारत्यात, मी कवा उठलो म्हणून.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“सांगितलं. त्यांनी झोपेची गोळी दिली.”

“मग?”

“मग काय. गोळी घेऊन उभं ऱ्हायले.”

जोतिराम परत आले. वहिनींनी बशी पुन्हा ओढून घेतली आणि चहात साखर कमी आहे म्हणून कँटीनवाल्याला हाक मारली.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. संगणकात प्रत्येक स्नायूला दोन मर्यादा घालून द्याव्या लागतात. वरची मर्यादा एक, म्हणजे असेल नसेल तेवढा सगळा जोर. खालची मर्यादा शून्य असायला हवी, पण शून्य चालत नाही. शून्यानं भागायची वेळ येते आणि गणित कोसळतं. म्हणून खाली शून्य पूर्णांक शून्य एक असा एक थेंबभर जोर ठेवतात. गणिताला मेलेला स्नायू चालत नाही, निदान कण्हणारा तरी लागतो.

जोतिरामांच्या स्नायूंतली वीज आम्ही कातडीवर बिल्ले चिकटवून मोजली होती. कंबरेच्या डाव्या बाजूचे स्नायू जवळजवळ गप्प होते. ऑपरेशननंतर तसं होतं. त्यांची वरची मर्यादा मी मोजली होती तितकीच खाली आणली आणि गणित चालवलं.

संगणकानं बराच वेळ घेतला आणि उत्तर दिलं की उत्तर नाही. या स्नायूंचा माणूस ही काठी उचलूच शकत नाही.

“पण उचलली ना त्यानं!” उपळेकर म्हणाले. “आपण सगळ्यांनी पाहिली. शेटे, मर्यादा वाढव.”

“किती सर?”

“उत्तर येईपर्यंत.”

ही आमच्याकडची रीत आहे. माणूस मर्यादेत बसत नसेल तर मर्यादा माणसाला बसवायची. मी एकाचे सव्वा केले, दीड केले. दीडला उत्तर आलं. सांगाडा पडद्यावर काठी घेऊन नाचला. उपळेकरांनी तेवढ्यातच शोधनिबंधाचं शीर्षक सुचवलं, त्यात लोकपरंपरा आणि जपान हे दोन्ही शब्द होते. जपान कशासाठी ते मला नंतर कळलं. तिथे परिषद होती.

“अहवालात लिही, उचलायला हरकत नाही.”

“सर, दीड म्हणजे त्याच्याकडे आहे त्याच्या दीडपट. ही जास्तीची ताकद येते कुठून?”

“भैरोबाकडून,” उपळेकर हसले. “चल, मला कुंड्या बघायच्या आहेत.”

मूल्यांकन समिती येणार होती. सगळे प्राध्यापक आवारात कुंड्या मांडत होते.

जोतिराम अहवाल घ्यायला आले ते एकटेच. दुपारची वेळ, पण प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कागद होता. मी त्यांना स्टूल दिलं. ते काठीसारखे ताठ बसले.

“काय म्हणतंय मशीन?”

“मोठे सर म्हणतात, हरकत नाही.”

त्यांचा चेहरा पडला. मला आधी वाटलं मीच चुकीचं पाहिलं.

“मशीन काय म्हणतंय?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“मशीन... एका मताचं नाही दादा.”

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. सांगाडा, त्याच्या कमरेला काठी. मोजलेल्या मर्यादा मी परत जागेवर ठेवल्या आणि त्यांना दाखवावं म्हणून राखीव मोटारी चालू केल्या.

“ह्या कसल्या मोटारी?”

“खऱ्या नसतात. स्नायू कमी पडले तर तिथं थोडासा जोर भरून काढायला मनानंच बसवायच्या. प्रत्येक सांध्यात एक, कंबरेला जरा जास्त. गणित अडू नये म्हणून. बाहेरच्या देशातली मंडळी कंबरेतल्या मोटारींना गमतीनं देवाचा हात म्हणतात.”

जोतिराम हसले नाहीत.

“गमतीनं?” ते म्हणाले.

मी कळ दाबली. सांगाड्यानं काठी उचलली. पडद्यावर ज्या स्नायूंत जोर आहे ते लाल दिसतात, नसतील ते निळे. पाठीचे स्नायू, जे काठी वर धरतात, ते निळे होते. पोटाचे आणि मांडीचे, जे माणसाला खाली वाकवतात, ते लालभडक. मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून पाहिलं.

“दादा, काठी धरताना तुम्ही काय करत होता?”

“का?”

“तुमचे स्नायू उलट्या बाजूनं जोर करतायत. उचलायला नाही. खाली ठेवायला.”

जोतिरामांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते आणि आवाज अगदी साधा होता.

“साहेब, पहिल्यांदा कुनीतरी बगितलं. गेल्या साली मी मान सोडायलाच देवळात गेलो हुतो. नारळ हातात. पंचांस्नी म्हननार, की माजं काय आता जमत न्हाई. आन तोंड उघडायच्या आदी ह्यो हात पुढं गेला. मी न्हाई घातला. काठी उचलली गेली. समदा गाव चांगभलं वरडला. शालनीला वाटतं मला हौस हाय. सांगू कुनाला? देवानं धरलंय, आन मी म्हनू सोड?”

“तुम्हाला भीती वाटते?”

“माज्या अंगात माजं काय ऱ्हायलंय का, ते कळत न्हाई. त्येची भीती वाटती.” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “ही लाल-निळी ताकद कमी करता येती का?”

“येते.”

“मग समदी कमी करा. माजी मेहनत काडून टाका. मी कायबी करत न्हाई असं धरा. मग ती खाली पडती का बगू.”

सगळ्या स्नायूंची वरची मर्यादा मी खालच्या मर्यादेला आणून टेकवली. थेंबभर जोर तेवढा राहिला. सांगाडा नखशिखांत निळा झाला. कळ दाबली.

सांगाडा उभा राहिला. त्यानं काठी उचलली आणि तो नाचू लागला. हॉलमध्ये जोतिराम नाचले होते त्यापेक्षा चांगला. वळणं गोल, पावलं हलकी, कुठे अडखळणं नाही. मधली अडचण दूर झाल्यासारखा.

मोजलेला वेळ संपला. तिथे गणित थांबतं, थांबायलाच हवं. सांगाडा मात्र आणखी दोन पावलं नाचला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

मला दरदरून घाम फुटला. आणि मग, देव करो आणि अभियंत्याला नेहमी असंच सुचो, मला चूक सापडली. मोटारींनाही मर्यादा घालायची असते. थोडासाच जोर भरून काढ, सगळा भार उचलू नकोस, असं त्यांना सांगावं लागतं. आमच्यात कुणी नवी फाइल करत नाही. आधीच्या विद्यार्थ्याची उचलायची आणि वरचं नाव बदलायचं. त्या आधीच्या विद्यार्थ्यानं मोटारींची मर्यादा रिकामी सोडली होती. रिकामी म्हणजे वाटेल तेवढा जोर.

“काही नाही दादा,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच उगाच मोठा वाटला. “आमची चूक. ह्या मोटारींना कुणी मर्यादाच घातली नव्हती. सगळं त्याच करतायत.”

“कुनीच घातली न्हाई?”

“राहून गेली.”

“आता घालता येती?”

“बंदच करतो की.”

“थांबा.” त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार होती आणि थरथरत होती, पण मनगटाच्या वर हात दगडासारखा स्थिर. “बंद केल्यावर ह्यो पडंल?”

“पडेल.”

“मोडंल?”

“चित्र आहे दादा.”

ते बराच वेळ त्या निळ्या सांगाड्याकडे पाहत राहिले. तोही पाहत होता.

“करा बंद,” ते म्हणाले.

एक चौकोन असतो, त्यात बरोबरची खूण असते. मी ती खूण काढली.

सांगाड्याचे गुडघे आधी गेले, मग कंबर, मग मान. काठी त्याच्या अंगावरून पलीकडे पडली. चित्राला आवाज नसतो. तरी मी मागे वळून पाहिलं, कारण स्टूल पडलं होतं.

जोतिराम फरशीवर होते. गुडघे पोटाशी, हात कंबरेवर. तोंडातून असा आवाज येत होता की मी धावत जाऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

“दुखतंय,” ते म्हणाले.

“कुठं दादा? गाडी बोलावतो. कुठं दुखतंय?”

“दुखतंय, साहेब!” त्यांना धड श्वास घेता येत नव्हता आणि ते हसत होते. अंग घामानं चिंब झालं होतं. “आयला... माजं दुखतंय!”

अहवाल मी त्याच दुपारी लिहिला. या माणसानं काठी उचलू नये. उपळेकरांनी न वाचता सही केली, कारण समितीचे अध्यक्ष चिखलात घसरले होते आणि सगळे तिकडे धावले होते. पुढे मी त्यांना जे घडलं ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मनाचा परिणाम. मीही तेच म्हणतो. माझ्या पदवीला तेच शोभतं.

चैत्रात जत्रेला शालनवहिनींनी मला आग्रहानं बोलावलं. देवळाच्या भिंतीशी गोधडी टाकून जोतिरामांना बसवलं होतं. पाणी प्यायला वाकले तरी आई गं म्हणत होते.

“रात्रभर कन्हत्यात,” वहिनी कौतुकानं म्हणाल्या. “मला डोळा लागू देत न्हाईत. आन घोरत्यात बी, आडवं पडून.”

मान चुलतभावाकडे गेला होता. हणमंत खुटाळे, धंद्यानं शिंपी, अंगानं किडकिडीत, धाप लागायची म्हणून दुकान तळमजल्यावर घेतलेलं. त्यानं स्वतःच्या हातानं नवा पोशाख शिवला होता. गावात पैजा लागल्या होत्या की हा काठीखाली चिरडणार.

त्यानं काठी उचलली. गाव चांगभलं म्हणून ओरडला. हणमंत नाचत आमच्यासमोरून गेला, वळणं गोल, पावलं हलकी. कपाळ कोरडं होतं. चेहऱ्यावर हौस होती ती देवळाच्या पायऱ्यांपर्यंतच टिकली. नंतर तो कुणाला तरी शोधत असल्यासारखा गर्दीत बघायला लागला.

जोतिरामांनी माझं मनगट पकडलं. हात आता गरम होता.

“साहेब, त्येचं बी बंद करा.”

“करतो,” मी म्हणालो.

मी खरंच गेलो. दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळा उघडली, संगणक सुरू केला. पडद्यावर लिहून आलं की सॉफ्टवेअरचा परवाना मार्चअखेर संपला आहे, नूतनीकरण करावं. अनुदानही मार्चअखेरच संपलं होतं. मी अर्ज केला. खरेदी समितीनं तो तत्परतेनं परत पाठवला. खरेदीला तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांची दरपत्रकं लागतात. ते सॉफ्टवेअर विकणारी कंपनी जगात एकच आहे.

याला आता चौदा वर्षं झाली. उपळेकर निवृत्त झाले, त्यांच्या जागी मी आलो, आणि खरेदी समितीचा अध्यक्षही मीच आहे. नियम मला मोडता येत नाही, कारण माझ्यावर लेखापरीक्षक आहेत. दर चैत्रात जत्रेला मात्र जातो आणि कागद कुठे अडलेत ते खुटाळ्यांना सांगून येतो.

गेल्या श्रावणात हणमंतला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुकान बंद झालं. त्याची बायको विठाबाई त्याला चमच्यानं भरवते, कुशीवर वळवते. गाव म्हणालं, आता नवा माणूस बघावा लागणार.

यंदा काठी निघाली ती त्याच्याच कमरेवर. विठाबाईंनी सकाळी त्याला खाटेवर निजवून दार लावून घेतलं होतं. देवळापाशी तो कसा आला ते कुणी पाहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. गर्दी गुलाल उधळत होती. हणमंतचा उजवा पाय डाव्यापेक्षा हलका पडत होता. तोंड वाकडं झालेलं, ओठातून लाळ गळत होती, आणि डोळे माझ्यावर होते.

विठाबाई गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या. पदरानं तोंड पुसलं, आवाज खाली आणला.

“सर,” त्या म्हणाल्या, “तिसरं दरपत्रक आलं का हो?”